वावर ‘हिरव्या’त दाखवलं म्हणजे नेमकं काय झालं?

तूरवाली

आमचं तालुक्याचं गाव, जिल्हा यवतमाळ. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा पाटी बदलली आणि घरटॅक्स वाढला, एवढंच आम्हाला समजलं होतं. आता विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागलाय, हरकतींना ३० दिवस दिलेत. राज्यमार्गाला लागून बाबांच्या नावावर तीन एकर आहे, तूर-कपाशी. नकाशात ते सगळं हिरवं. मधून १८ मीटरचा रस्ता काढलाय, तो बरोबर आमच्या विहिरीवरून जातो. पूर्वेच्या कोपऱ्यावर ‘क्रीडांगण’ असं लिहिलंय. आणि धुऱ्यापलीकडचं शेजाऱ्यांचं वावर मात्र पिवळं!

मला तिथं लहानशी दालमिल आणि गोदाम टाकायचंय. बाबा विचारतात, “आता पेरायचं का नाही?” एक लेआउटवाला रोज दारात येतो आणि सांगतो, हिरव्यातलं वावर उद्या कोणी फुकट घेणार नाही, आत्ताच इसार घ्या. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा.

बोंडअळी

एनए करून टाका ताई. सातबाऱ्यावर अकृषक लागलं का मंग कोणी काही करत नाही.

जुना आरेखक

बोंडअळीभाऊ, कुठंही अर्ज घेऊन जा, पहिला कागद झोन दाखलाच मागतील, म्हणजे जमीन कुठल्या रंगात आहे त्याचा दाखला. हिरव्यात, म्हणजे शेती विभागात, घरांचं लेआउट बसत नाही, मग परवानगी कशाच्या जोरावर देतील?

ताई, मी नगररचनेत आरेखक होतो. ट्रेसिंगवर रंग भरण्यात सगळी नोकरी सरली, त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

आधी बाबांना सांगा, बिनधास्त पेरा. सातबारा काल होता तसाच आज आहे. रंगानं मालकी बदलत नाही आणि चालू शेतीही थांबत नाही. पुढे तिथं नवीन काय बांधता येईल, एवढंच रंग ठरवतो. शेजारी पिवळ्यात, म्हणजे रहिवासी विभागात, असला तरी त्यालाही हवी तितकी वर्षं कपाशी लावता येते. नगररचनेचा अधिनियम १९६६ चा, त्यातल्या कलम ४३ प्रमाणे विकासाला परवानगी लागते. पण शेतीच्या नेहमीच्या कामातलं खोदकाम, अगदी नवीन विहीरसुद्धा, आणि फक्त वावरात जायला केलेला रस्ता, हे त्यातून वगळलेलं आहे.

शेजारी पिवळा आणि तुम्ही हिरव्या का? लोकांना यात लबाडी दिसते. कधी असतेही, पण बहुतेक वेळा हिशोब साधा असतो. पुढच्या वीसेक वर्षांत गाव किती वाढेल याचा अंदाज काढतात, तेवढ्या लोकांना पुरेल इतकीच जमीन रहिवासी दाखवतात, बाकी शेती. रेषा कुठंतरी ओढावी लागते, ती बहुधा नाल्यावर, रस्त्यावर नाहीतर गटाच्या धुऱ्यावर येते. तुमच्या नशिबी धुरा आला. म्हणून ‘शेजाऱ्याला पिवळं, मला का नाही’ या हरकतीत फार दम नसतो.

दम आहे तो विहिरीत. प्रारूप नकाशा करायच्या आधी ‘विद्यमान जमीन वापर’ नावाचा एक नकाशा होतो, कलम २५ खाली. कुठं काय उभं आहे, ते त्यात असतं. तो मागून पाहा. तुमची विहीर त्यात नसेल, तर आखणाऱ्याला ती तिथं आहे हेच माहीत नव्हतं आणि त्यानं मोकळं रान समजून रस्ता ओढला. असं फार होतं. हरकतीत हेच लिहा : गट नंबर, विहीर कुठं आहे, किती एकर ओलित तिच्यावर आहे, आणि रस्ता किती मीटर सरकवला तर ती वाचते. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ असे अर्ज मी गठ्ठ्यांनी पाहिलेत, त्यावर कोणालाच काही करता येत नाही. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, जोडा. रस्ता दुसऱ्याच्या घरावर ढकलू नका, तो माणूसही हरकत घेतो.

दालमिलचं म्हणाल तर हिरवा म्हणजे सगळंच बंद, असं नाही. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागात काय चालतं याची भली मोठी यादी आहे. शेतमाल गोळा करायची केंद्रं, गोदामं, प्रतवारी, पॅकिंग, शीतगृह, शेती अवजारांची दुरुस्ती, हे त्यात आहे. त्यामुळं गोदामाचं काम तुम्हाला सोपं जाईल. दालमिल किती मोठी, मोटर किती हॉर्सपॉवरची, पोचरस्ता किती रुंद, हे आधी लिहून द्या आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर शेड उभारू नका. आणि परवानगी मागायच्या आधी गोदाम कुठं बसतं ते पाहा, रस्त्याच्या पट्ट्यात किंवा क्रीडांगणात नको.

क्रीडांगणाचं मात्र मला रंगापेक्षा जास्त टोचतं. हिरवं आज ना उद्या पिवळं होऊ शकतं, आरक्षण म्हणजे ती जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली. घ्यायची तर मोबदला द्यावा लागतो : समजुतीनं, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं. टीडीआर म्हणतील तर हुरळून जाऊ नका, तीन मजल्यांच्या वर इमारत नसलेल्या गावात तो विकत घेणार कोण? आराखडा अंतिम होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतलीच नाही, तर कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. पण दहा वर्षं वाट पाहण्यापेक्षा आत्ता हरकत घेतलेली बरी. जवळपास सरकारी जमीन असेल तर क्रीडांगण तिकडे न्या म्हणून नकाशासकट सुचवा.

लेआउटवाल्याला एकच विचारा, फुकट कोणी घेणार नाही तर तो का घेतोय?

संत्र्याचा_बहार

वरूडकडून. काकांनी विहिरीचं सांगितलं ते खरं आहे. आमच्या बागेतून असाच रस्ता काढला होता. सुनावणीला नियोजन समितीसमोर मोजक्याच मिनिटांत बोलावं लागतं, तिथं भाषण ठोकायला गेलेला भाऊ परत आला तो काहीच न सांगता. आम्ही नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनानं जुनी पांदण दाखवली आणि म्हटलं, रस्ता हिच्यावरून न्या, ती गावाचीच आहे, झाडं तुटणार नाहीत. रस्ता पांदणीवर सरकला. भाजी मंडईचं आरक्षण मात्र राहिलंच, तिथं काही चाललं नाही.

एक जास्तीचं सांगतो, ताई. सहहिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या. आमच्यात दोघांनी उलटसुलट मागण्या केल्या आणि समितीतल्या एकानं विचारलं, तुमच्यात आधी ठरलंय का?

तूरवाली

काका, भाऊ, आभार. सातबाऱ्यावर आत्याचंही नाव आहे, तिच्याकडं उद्या आर्णीला जाते. एक राहिलं : हरकतीचे ३० दिवस भिंतीवर नकाशा लागला तेव्हापासून मोजायचे का? ऑफिसात दोघं दोन तारखा सांगतात.

जुना आरेखक

राजपत्रात सूचना छापली त्या तारखेपासून. भिंतीवर नकाशा लागायला उशीर झाला तरी दिवस वाढत नाहीत. राजपत्र ऑनलाइन मिळतं, ती तारीख स्वतः पाहा आणि अर्जात लिहा. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल आणि सुनावणीची नोटीस आली नाही, तर विचारायला गेलं की सगळे एकमेकांकडं बघतात.