गुडघा बदलल्यावर निकेलची पॅच टेस्ट पॉझिटिव्ह: इम्प्लांट काढायचं का?

मृणाल: आईचा उजवा गुडघा बदलून आठ महिने झाले. सूज पूर्ण उतरत नाही आणि टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला खाजरा चट्टा आलाय. पॅच टेस्टमध्ये (पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात ती ॲलर्जीची तपासणी) निकेल ++ म्हणजे ठळक, कोबाल्ट + म्हणजे सौम्य. पट्ट्या 48 तासांनी काढल्या, तेव्हाच एकदा पाहिलं. गुडघा परत उघडावा लागेल का?

त्वचा_ओपीडी: मृणालताई, रीडिंग अर्धवट आहे. पट्टी काढल्यावर अर्धा तास थांबून पहिलं, मग 72 ते 96 तासांनी दुसरं, आणि धातूंसाठी सातव्या दिवशी तिसरं. धातू उशिरा उमटतात.
कोबाल्टचा + तपासून घ्या. 1% कोबाल्ट क्लोराइडने घामाच्या छिद्रांपाशी बारीक लाल-जांभळे ठिपके येतात. बोट फिरवून उंचवटा लागत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे. परत टेस्ट केलीत तर सेटिरिझिन (खाजेची गोळी) चालू राहिलं तरी चालेल. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) रोज 10 मि.ग्रॅ.च्या वर किंवा पाठीला स्टिरॉइड मलम असेल तर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

हाडवैद्य: निकेल ++ बहुतेक खोट्या दागिन्यांची देणगी. फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात, त्यावरच्या मॉडेल नंबरवरून मिश्रधातू कळतो. गुडघ्यातल्या कोबाल्ट-क्रोममध्ये क्रोमियम 27–30%, निकेल मात्र सहसा अर्ध्या टक्क्याहून कमी. फ्रॅक्चरच्या स्टीलच्या प्लेटमध्ये ते 13–15% असतं.
आधी जंतुसंसर्ग नाही हे पक्कं करा: ईएसआर, सीआरपी (रक्तातून दाह दाखवणाऱ्या तपासण्या), सांध्यातलं पाणी काढून पेशींची मोजणी आणि 14 दिवस ठेवलेलं कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणं). पाणी काढण्याआधी अँटिबायोटिक सुरू केलं की जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं, आणि नेमकं हेच सर्रास होतं. मग एक्स-रेवर इम्प्लांट सैल झालंय का आणि सांधा सरळ रेषेत आहे का ते पाहा.

त्वचा_ओपीडी: चट्टा बाहेरच्या बाजूलाच आहे, हे महत्त्वाचं. चिरा देताना तिथल्या त्वचेची संवेदना नेणारी बारीक नस कापली जाते. बधिर पट्ट्यात एक्झिमा उठतो. कापसाचा बोळा फिरवून पाहा, स्पर्श कमी लागतो का.
शिवाय जखमेवर काय लावलं होतं? जखमेच्या मलमातलं फ्रामायसेटिन हे अँटिबायोटिक म्हणजे नियोमायसिनचाच भाऊ, आणि बोन सिमेंटमधल्या (इम्प्लांट हाडाला चिकटवायचा लगदा) जेंटामायसिनशी त्यांचं जुळतं, म्हणजे एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू पडू शकते. त्यामुळे नियोमायसिन, जेंटामायसिन, सिमेंटमधलंच बेंझॉइल पेरॉक्साइड आणि घरातलं मलमही टेस्टमध्ये घ्यायला सांगा. बाम बंद.

मृणाल: टायटेनियमची टेस्ट होते का? खालचा भाग त्याचा आहे.

हाडवैद्य: पॅचवर भरवसा नाही, त्यात वापरतात ते टायटेनियम डायऑक्साइड त्वचेत शिरतच नाही. रक्ताची लिम्फोसाइट टेस्ट आहे (रक्तातल्या पांढऱ्या पेशी धातूला प्रतिसाद देतात का ते पाहतात), पण त्यात पेशी जिवंत लागतात, नमुना प्रयोगशाळेत वेळेत पोचायला हवा. तीही पॉझिटिव्ह आली तर फक्त संवेदनशीलता कळते, त्रास त्यामुळेच होतोय हे नाही. संसर्ग, सैलपणा, नस, मलम हे सगळं बाद झालं आणि सूज तरी राहिली, तरच निकेल जवळजवळ नसलेल्या झिर्कोनियम धातूच्या गुडघ्याचा विषय काढा.