मदत हवी आहे: लसीची खोटी क्लिप फिरून राहिली, बुधवारी लसीकरणाचं सत्र आहे, तक्रार कुठे करायची?

मानेवाडा_ताई
लवकर सांगा कोणी. आमच्या वस्तीच्या ग्रुपवर एक ऑडिओ फिरून राहिला, की ही लस घेतलेल्या पोरांना पुढे लेकरं होत नाहीत. ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस द्यायच्या पोरांच्या यादीत, 14 आहेत, 9 घरांनी दारातूनच परत पाठवलं. एक आजी म्हणे बाटलीच खराब असते. क्लिप बंद करायला कुणाला सांगायचं? हेल्पलाइन लावून थकली मी.

तर्री_जास्त
कोणती लस? लहानांची की मोठ्यांची? वय काय पोरांचं?

बर्डीचा_वकील
भारतीय न्याय संहिता, कलम 353, अफवा पसरवण्याचं. पूर्वीचं आयपीसी 505. सायबर पोलिसांकडे लेखी द्या, ग्रुप ॲडमिनचा नंबर जोडा. एकाला बोलावलं की बाकीचे गप्प बसतात.

निवृत्त_आरोग्यवाला
वकीलसाहेब, त्याच कलमाचा अपवादही वाचा. खरं समजून, वाईट हेतू नसताना पुढे पाठवलं तर गुन्हा होत नाही. इथे पाठवणाऱ्या बहुतेक घाबरलेल्या आया असतील. पोलीस जाऊन आलेल्या घरात सिस्टरने पुन्हा कोणत्या तोंडाने जायचं?

बर्डीचा_वकील
मग काय आरती ओवाळायची?

मीरा_धंतोली
पीआयबी फॅक्ट चेकला, म्हणजे केंद्र सरकारच्या बातम्या तपासणाऱ्या विभागाला, व्हॉट्सॲप करा. मी गॅस सबसिडीच्या मेसेजचं केलं होतं, उत्तर आलं.

तर्री_जास्त
ते तर हायकोर्टानं 2024 मध्ये उडवलं न?

मीरा_धंतोली
उडवला तो फॅक्ट चेक युनिटसाठी केलेला आयटी नियमांतला बदल. पीआयबीचं काम 2019 पासून सुरू आहे. अर्धवट वाचून लिहू नका बे.

निवृत्त_आरोग्यवाला
पण ते केंद्र सरकारविषयीचे दावे तपासतात. तुमच्या गल्लीतल्या ऑडिओसाठी बुधवारपर्यंत कोण बसलंय तिथे? ताई, ड्यू लिस्ट म्हणता, म्हणजे तुम्ही आशा का? हे आधी लिहायचं न.

मानेवाडा_ताई
हो आशाच. ड्यू लिस्ट लिहिलं न मी, अजून काय सांगायचं? एमआर आहे, गोवर-रुबेलाची, नऊ महिने आणि दीड वर्षवाले.

संत्रानगरीकर
गोवराच्या लसीने ऑटिझम होतो असं लॅन्सेटमध्ये छापून आलं होतं. आमच्या ऑफिसात एकजण अजून सांगतो.

मीरा_धंतोली
1998 मध्ये आलं, 2010 मध्ये लॅन्सेटनेच मागे घेतलं, त्याच वर्षी त्या डॉक्टरचं ब्रिटनमधलं रजिस्ट्रेशनही गेलं. ऑफिसातल्याला सांगा. आणि हे विचारलं कोणी?

निवृत्त_आरोग्यवाला
ताई, लेकरं न होण्याची ही अफवा 2018 च्या एमआर मोहिमेतही ऐकली आहे. जुनाच माल. मग आत्ताच 9 घरं काऊन फिरली? क्लिपच्या आधी वस्तीत काही झालं होतं का?

मानेवाडा_ताई
काही नाही. एका पोराला ताप आला होता, अंगावर पुरळही. पण लस देऊन आठ दिवस झाले होते, मी त्याच्या आईला सांगितलं लसीचा संबंध नाही. दोन दिवस खाजगीत ॲडमिट होता, आता बरा आहे. मुद्दा क्लिपचा आहे.

तर्री_जास्त
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!

निवृत्त_आरोग्यवाला
मुद्दा क्लिपचा नाही, ताई. एमआरमध्ये कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, त्याचा ताप त्याच दिवशी येत नाही. 7 ते 12 दिवसांत येतो, शंभरात 5 ते 15 पोरांना, काहींना पुरळही. म्हणजे त्या बाईचा अंदाज बरोबर असू शकतो आणि तुम्ही तिला चूक ठरवलं. मग तिला आपलं म्हणणारी ती क्लिप उरली.
ॲडमिट झाला, म्हणजे गंभीर एईएफआयमध्ये, लसीनंतरच्या गंभीर त्रासात मोडतो. आजच एमओ मॅडमना, म्हणजे तुमच्या मेडिकल ऑफिसरना, फोन करा. फॉर्म भरला जातो, चौकशी होते, लसीमुळे की योगायोग ते जिल्ह्याच्या समितीपासून वरपर्यंत तपासतात. खाजगी दवाखान्याने कळवायला हवं होतं, पण तुम्हीही कळवू शकता.
दुसरं, रजिस्टरात 'नकार' एवढंच लिहू नका. कोणाचं ऐकून, नेमके कोणते शब्द, क्लिप कोणत्या दिवशी आली, तेही लिहा. शहराच्या लसीकरण टास्क फोर्सपुढे नुसता 9 चा आकडा गेला तर ते पोस्टर पाठवतील. पोलिओच्या मोहिमेत आम्ही डोस झालेल्या घरावर खडूनं पी आणि राहिलेल्यावर एक्स लिहायचो. खरं काम एक्सवाल्या घरी चहा पीत बसण्याचं होतं.
क्लिप खोटी आहे सांगायलाही ती ग्रुपवर परत टाकू नका. ज्याच्या कानावर गेली नव्हती त्याच्याही जाईल.

बर्डीचा_वकील
म्हणजे क्लिप बनवणारा मोकळा? छान.

निवृत्त_आरोग्यवाला
बनवणारा सापडला तर नक्की धरा. बुधवारच्या आत सापडेल का, ते तुम्ही सांगा.

मानेवाडा_ताई
आणि त्या आजीचं, बाटली खराब म्हणते ते?

निवृत्त_आरोग्यवाला
सिस्टरला सांगून बाटली आजीच्या हातात द्या. बाटलीच्या झाकणावर गोल आहे, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर बाटली उन्हातान्हात तापलेली नाही. लस कालवल्याची वेळ सिस्टर बाटलीवर लिहिते, चार तासांनंतर ती वापरत नाहीत, तेही दाखवा.

मानेवाडा_ताई
मॅडमशी बोलली. आधी माझ्यावरच ओरडल्या, कळवलं काऊन नाही म्हणून. उद्या दहाला त्या पोराच्या घरी येतात, फॉर्म घेऊन. मी आधी एकटी जाऊन येते संध्याकाळी. त्या बाईला काय म्हणू तेच सुचून नाही राहिलं.

तर्री_जास्त
माझी चूक झाली म्हणा.

संत्रानगरीकर
धागा वर आलाच आहे तर, काल कुत्रा चावला, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात रविवारी रेबीजचं इंजेक्शन मिळतं का?

मीरा_धंतोली
आधी साबण लावून नळाखाली 15 मिनिटं धुवा आणि आत्ता कॅज्युअल्टीत जा. रविवारची वाट काय पाहता!