कलाकारावर आरोप झाला की ‘एवढी वर्षं गप्प का?’ याचं कायदेशीर उत्तर काय?

रंकाळाकट्टा
मोठ्या नटावर किंवा गायकावर लैंगिक छळाचा आरोप झाला की तीन वाक्यं ठरलेली असतात. एवढी वर्षं कुठं होती? कोर्टानं सोडलं म्हणजे खोटंच. पुरावा असता तर तेव्हाच पोलिसांत गेली असती. चित्रनगरीत शूटिंगवर पोट असलेल्या पोरींच्या कानावर हे रोज पडतं, आणि उद्या त्यांच्यावर वेळ आली तर त्या याच बोलण्याला भिऊन गप्प बसतील. शंका घेऊच नये असं म्हणत नाही. पण ती कशावर घ्यायची, हे जाणकारांनी नेमकं सांगावं.

शाहूपुरी_वकील
आधी ‘सुटला’ हा शब्द बघू, सगळा घोळ तिथंच आहे.

अमेरिकन विनोदी नट बिल कॉस्बी 2018 मध्ये लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरला, 2021 मध्ये बाहेर आला. 2005 साली सरकारी वकिलानं खटला भरणार नाही असा शब्द दिला होता. त्यावर विसंबून कॉस्बीनं दिवाणी दाव्यात जबाब दिला, आणि पुढं तोच जबाब त्याच्याविरुद्ध वापरला गेला. म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. तक्रारदार बाई खोटं बोलली, असं त्या निकालात कुठंही नाही. अमेरिकन गायक आर. केली 2008 मध्ये अल्पवयीन मुलीच्या अश्लील चित्रफितीच्या खटल्यातून शिकागोत सुटला तेव्हा त्या चित्रफितीतली म्हणून सांगितलेली मुलगी साक्षीला आलीच नव्हती. 2022 मध्ये ती उभी राहिली आणि तिच्याबाबतच्या बहुतेक गंभीर आरोपांत तो दोषी ठरला.

उलट हॉलिवूडचा नट केव्हिन स्पेसीला 2023 मध्ये लंडनच्या ज्युरीनं चारही तक्रारदारांचं ऐकून नऊच्या नऊ आरोपांतून सोडलं. ही सुटका वेगळ्या वजनाची आहे आणि ती मान्य करायलाच हवी.

आपल्याकडं ‘बी समरी’ (तपास बंद करताना पोलीस देतात तो अहवाल) अशी बातमी येते आणि लोक निकाल लागला समजतात. ए म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, बी म्हणजे तक्रार खोडसाळ, सी म्हणजे खरी ना खोटी, गैरसमजातली किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्ही पोलिसांची मतं. स्वीकारायचं की नाही ते मॅजिस्ट्रेट ठरवतात, आणि तक्रारदाराला त्यावर हरकत घेता येते.

करवीर_मीरा
उशिराबद्दल. भारतीय दंड संहितेतल्या विनयभंगाच्या जुन्या 354 कलमाला 3 फेब्रुवारी 2013 पूर्वी जास्तीत जास्त 2 वर्षं शिक्षा होती, त्यामुळं कोर्टानं दखल घ्यायची मुदत 3 वर्षं. नंतर शिक्षा 5 वर्षांपर्यंत गेली आणि मुदतीचा अडसर गेला. घटना ज्या तारखेची, कायदा त्या तारखेचा. म्हणून 2008 च्या घटनेची तक्रार 2018 ला आली तर ती खरी असूनही मुदतीवर अडकू शकते. तिथं ‘फेटाळली’चा अर्थ ‘खोटी’ असा लावणं चूक. विलंब माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण कारण पटवावं लागतं.

सेटवर दुसरीच अडचण. कामाच्या ठिकाणच्या छळाच्या 2013 च्या कायद्यात तक्रार 3 महिन्यांत करायची, समितीनं मुदत वाढवली तर आणखी 3. शूटिंग त्याआधीच आटपतं, युनिट पांगतं आणि अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती कुठली हेच कळत नाही. केरळ उच्च न्यायालयानं मार्च 2022 मध्ये चित्रपट युनिटलाही समिती सक्तीची आहे असं सांगितलं ते याचसाठी. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या स्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल डिसेंबर 2019 मध्ये केरळ सरकारला मिळाला, लोकांसमोर आला ऑगस्ट 2024 मध्ये. साडेचार वर्षं सरकारनं कागद दाबून ठेवला, आणि ‘गप्प का’ हे बाईला विचारायचं?

कागदपत्र_कट्टा
शंका घ्यायचीच तर या गोष्टी तपासा: तारीख, जागा, आणि त्या वेळी तिनं कुणाला तरी सांगितलं होतं का. मैत्रिणीला त्याच रात्री गेलेला मेसेज दहा वर्षांनंतरच्या मुलाखतीपेक्षा जड असतो.

व्हॉट्सअॅपचा नुसता स्क्रीनशॉट कोर्टात लंगडा पडतो. बऱ्याचदा वरची तारीख कापलेली असते, नंबरऐवजी सेव्ह केलेलं नाव दिसतं. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करा, आपोआप मेसेज पुसायची सोय बंद ठेवा. पुढं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) जोडावं लागतं. टेलिकॉम कंपन्यांवर कॉलच्या नोंदी (कुणी कुणाला कधी फोन केला) ठेवायची सक्ती दोन वर्षांचीच आहे, सीसीटीव्ही त्याच्या कितीतरी आधी पुसला जातो. उशिरानं पुरावा जातो तो असा.

रंकाळाकट्टा
युनिटमध्ये दहापेक्षा कमी माणसं असली तर? किंवा तक्रार खुद्द निर्मात्यावरच असली तर?

करवीर_मीरा
दोन्ही वेळा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. लेखी तक्रार सहा प्रतींत, सोबत साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची असते. चौकशी 90 दिवसांत संपवायची. आणि हे आवर्जून सांगा: आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून याच 2013 च्या कायद्याच्या कलम 14 खाली तिच्यावर कारवाई होत नाही. त्यासाठी मुद्दाम खोटी तक्रार केल्याचं वेगळ्या चौकशीत ठरावं लागतं.