अग्निशमन व आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षण अधिकारी : पात्रता कोणती आणि जबाबदारी किती?

रबाळे_पंपरूम :

नमस्कार. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कारखान्याच्या अग्निशमन विभागात मी लीडिंग फायरमन आहे. सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रातून सहा महिन्यांचा फायरमनचा अभ्यासक्रम केला आणि पुढे नोकरी सांभाळून विज्ञान शाखेची पदवी घेतली. आता व्यवस्थापन 'अग्निशमन व आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षण अधिकारी' असे नवे पद निर्माण करत असून त्यासाठी माझे नाव पुढे आले आहे. नेमणूकपत्राच्या मसुद्यात कामाचे स्वरूप एका ओळीत उरकले आहे : 'कर्मचाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देणे व अनुषंगिक इतर कामे'. या पदासाठी माझी पात्रता पुरेशी आहे का, आणि त्या 'अनुषंगिक' शब्दाखाली नेमके काय काय येऊ शकते, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

बेलापूर_निवृत्त :

आपला मसुदा वाचून नवल वाटले नाही. खाजगी कारखान्यांत हे पद बहुधा असेच जन्माला येते : आधी नाव ठरते, मग काम शोधले जाते.

आधी पात्रतेविषयी. फायरमनच्या अभ्यासक्रमाने आपण पथकात काम करण्यास योग्य ठरता. पथक घडवण्यास योग्य ठरण्यासाठी किमान सब ऑफिसरचा अभ्यासक्रम हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. सांताक्रूझलाच तो एक वर्षाचा आहे. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय हा दुसरा मार्ग; केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आली. तेथे स्टेशन ऑफिसर आणि प्रशिक्षक या दोन भूमिकांची तयारी एकाच अभ्यासक्रमात करून घेण्याची परंपरा राहिली आहे. विज्ञानाच्या पदवीचा उपयोग निश्चित होईल, विशेषतः आपल्या पट्ट्यात. अॅसिटोन किंवा मिथेनॉलच्या आगीवर साधा फोम का टिकत नाही आणि अल्कोहोलरोधक फोमच का लागतो, हे फळ्यावर समजावून सांगणारा माणूस कारखान्यात असणे ही चैन नव्हे.

आता कामाविषयी, कारण खरा घोळ तिथे आहे. व्याख्यान देणे हा या पदाचा सर्वांत सोपा भाग. खरे काम आहे ते 'हा माणूस बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा पुरवणारे श्वसनयंत्र) लावून धुरात जाण्यास योग्य आहे' किंवा 'योग्य नाही' असे लेखी म्हणण्याचे. बीए सेटचेच उदाहरण घ्या. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर हा हिशेब धरला तर ती ४५ मिनिटे पुरायला हवी, पण जिना चढून पाण्याने भरलेला होज (आग विझवण्याचा पाइप) ओढणारा माणूस त्याहून कितीतरी जास्त हवा घेतो आणि घाबरला तर आणखी. साधारण ५५ बारला इशाऱ्याची शिटी वाजते, तेव्हा त्याने बाहेरच्या वाटेला लागलेले नव्हे, तर बाहेर पोहोचत आलेले असले पाहिजे. प्रत्येकाचा हवेचा खर्च सरावात मोजून नोंदवणे, आणि आत जाणाऱ्याचे नाव, वेळ व दाब फलकावर लिहिणारा माणूस दारातून हलणार नाही अशी सवय लावणे, ही प्रशिक्षण अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. रात्रपाळीलासुद्धा. तिन्ही पाळ्यांना एकच सराव मिळाला नाही, तर कागदावर प्रशिक्षित असलेले पथक प्रत्यक्षात एका पाळीपुरतेच असते.

सरावाची सुरक्षितता हाही आपलाच विषय. १९८२ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे प्रत्यक्ष आगीच्या सरावातच दोन अग्निशामक मृत्युमुखी पडले; त्यानंतर तिकडे अशा सरावांसाठी एनएफपीए (तिकडची राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना) १४०३ हे मानक आले. त्यात पाच प्रशिक्षणार्थींमागे किमान एक प्रशिक्षक अपेक्षित आहे आणि जिवंत माणसाला जखमी म्हणून जळत्या जागेत ठेवण्यास सक्त मनाई आहे. आपल्याकडे ते बंधनकारक नाही, परंतु मॉक ड्रिलच्या दिवशी पाहुण्यांसमोर ज्वाळा उंच दिसाव्यात म्हणून डिझेल वाढवायला सांगणारे साहेब भेटतात, त्यांना नकार देताना असा लेखी आधार उपयोगी पडतो.

जाता जाता एक इशारा. 'अनुषंगिक' या शब्दाआडून अग्निसुरक्षा यंत्रणेच्या प्रमाणपत्राचे काम आपल्या गळ्यात घालू देऊ नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावयाचे नमुना 'ब' चे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेने द्यायचे असते. ती प्रशिक्षण अधिकाऱ्याची सही नव्हे.

ऐरोली_रुग्णवाहिका :

साहेबांनी अग्निशमनाची बाजू सविस्तर मांडली आहे. मी वैद्यकीय बाजूपुरते लिहिते. मी आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ असून प्रथमोपचाराचे वर्गही घेते.

दादा, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असणे आणि प्रथमोपचार शिकवण्याची पात्रता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचे प्रमाणपत्र तीन वर्षे, तर अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस (हृदय किंवा श्वास थांबल्यास करायचे मूलभूत जीवरक्षण) अभ्यासक्रमाचे दोन वर्षे चालते. बीएलएस शिकवायचे असेल, तर त्याचा प्रशिक्षकासाठीचा स्वतंत्र टप्पा पूर्ण करावा लागतो. शिवाय छाती दाबण्याचे कौशल्य काही महिन्यांतच ढासळू लागते. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ व्यक्तीसाठी पाच ते सहा सेंटिमीटर खोली, हे तोंडपाठ असलेला माणूस पुतळ्यावर बसला की दुसऱ्याच मिनिटाला त्याचे दाब उथळ होतात आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा दिवसभराचा वर्ग घेण्याऐवजी पाळी सुरू होताना दहा मिनिटांचा सराव वारंवार घ्यावा.

आपल्या कारखान्यासाठी दोन गोष्टींवर अधिक वेळ द्या. पहिली भाजण्याची : २० मिनिटे वाहते पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. अंगावर कोरडी रासायनिक भुकटी पडली असेल तर मात्र आधी ती झटकून काढावी आणि मगच भरपूर पाणी ओतावे. हा क्रम हातात बसायला हवा. दुसरी गोष्ट जखमींच्या वर्गवारीची, म्हणजे कोणाला आधी उपचार द्यायचे हे ठरवण्याची. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत आसपासच्या इमारतींच्या काचा फुटून पुष्कळ लोक जखमी झाले. अशा वेळी जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात, आणि निपचित पडलेला मागे राहतो. श्वास, नाडी व सूचनेला मिळणारा प्रतिसाद पाहून प्रत्येकी साधारण अर्ध्या मिनिटात लाल, पिवळा, हिरवा किंवा काळा रंग ठरवण्याचा सराव घ्या, आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत यादी कोण ठेवणार तेही ठरवा.

मर्यादाही लिहून घ्या. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, औषध सुचवणे हे आपण शिकवायचे नाही. वैद्यकीय भागाचा अभ्यासक्रम कारखान्याच्या डॉक्टरांकडून तपासून त्यांच्या सहीने मंजूर करून घ्यावा.

रबाळे_पंपरूम :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एकच शंका राहते. ज्याला मी अयोग्य ठरवीन, तो माझ्याहून वरिष्ठ असेल आणि पाळीला माणूस कमी असल्याने व्यवस्थापकांनी त्यालाच पाठवायचे म्हटले, तर?

बेलापूर_निवृत्त :

म्हणूनच पद स्वीकारण्यापूर्वी मसुदा बदलून घ्या. तीन वाक्ये पुरेत : सराव असुरक्षित वाटल्यास तो तत्काळ थांबवण्याचा अधिकार प्रशिक्षण अधिकाऱ्यास राहील, त्याच्या लेखी शेऱ्याशिवाय कोणाचेही नाव बीए पथकात घेतले जाणार नाही, आणि तो याबाबत उत्पादन विभागास नव्हे, तर थेट कारखाना प्रमुखास उत्तरदायी असेल. यातले दुसरे वाक्य ते गाळायला सांगतील. ते गाळले तर पगारवाढ कितीही असली तरी मी आपल्या जागी लीडिंग फायरमनच राहीन. आणि वरिष्ठांचे म्हणाल, तर पहिली चाचणी स्वतःची घ्या, आकडे सर्वांसमोर फलकावर लिहा आणि मग वयाने सर्वांत मोठ्या असलेल्यांना बोलवा. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपली हवा किती मिनिटे पुरते हे आजवर कोणी मोजूनच दाखवलेले नसते.