दिवाळीनंतर इजिप्त : १० रात्री, ४ माणसं आणि आईचे गुडघे

आंबेवाला_देवगड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भातकापणी आणि दिवाळी उरकली की बागेत मोहोराच्या फवारण्या सुरू होईपर्यंत जेमतेम दोन आठवडे मोकळे मिळतात. त्यात इजिप्त बसवायचं आहे. माणसं चार : मी, बायको, कॉलेजातला मुलगा आणि ६८ वर्षांची आई. आई शाकाहारी आहे आणि तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. सपाटीवर चालते, उंच पायऱ्या नकोत.

एजंटने दिलेला बेत असा : कैरो २ रात्री, अलेक्झांड्रिया १, हुरघाडा २, लक्झर १, नाईल नदीवरची क्रूझ ३, परत कैरो १. हे झेपेल का? काय कापावं? अबू सिंबेल त्याने 'ऐच्छिक' म्हणून वेगळं लावलंय, ते घ्यावं का? आणि पैसे रोख न्यावेत की कार्ड?

---

वाशिष्ठीकाठ

या बेतात १० रात्रींत सहा वेळा बॅगा उघडायच्या आणि बांधायच्या आहेत. आईंना घेऊन तर नकोच.

पहिली कात्री अलेक्झांड्रियाला. कैरोहून एका बाजूला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथला मुख्य देखावा म्हणजे जुन्या दीपस्तंभाच्या जागी १४७७ साली बांधायला घेतलेला कायतबेचा सागरी किल्ला. विजयदुर्ग घराशेजारी असलेल्या माणसाने त्यासाठी अख्खा दिवस घालवू नये. दुसरी कात्री हुरघाड्याला, कारण समुद्र आपल्या दारातच आहे.

मग उरतं ते असं लावा : कैरोला उतरून तसंच देशांतर्गत विमानाने आस्वान, तिथे २ रात्री. आस्वान ते लक्झर क्रूझ ३ रात्री. लक्झर २. शेवटी कैरो ३. दक्षिणेकडून सुरुवात करण्याला कारणं आहेत. क्रूझच्या बोटी ठरलेल्या वारांनाच सुटतात, आणि सर्वसाधारणपणे आस्वानहून सुटणारी फेरी ३ रात्रींची, लक्झरहून सुटणारी ४ रात्रींची असते. म्हणजे आधी बोटीचा वार पक्का करायचा आणि विमानं त्याभोवती बसवायची. एजंट उलट करतात आणि मग एक रात्र कुठेतरी वाया जाते. दुसरं, कैरोचं संग्रहालय थडगी आणि देवळं पाहून झाल्यावर पाहिलं तर तिथली प्रत्येक वस्तू कुठून आली ते कळतं, आधी पाहिलं तर नुसतं सोनं दिसतं. तिसरं, आतलं एखादं विमान रखडलं तर परतीच्या विमानाआधी हाताशी दिवस राहतात.

अबू सिंबेल ऐच्छिक नाही, घ्याच. आस्वानहून सुमारे २८० किलोमीटर, गाडीने साडेतीन तास. पहाटे चारच्या सुमारास निघतात, देवळापाशी दोन तास, दुपारपर्यंत परत. बोटीवर चढायच्या दिवशीच हे उरकून टाकू, असं एजंट म्हणेल. त्याला बधू नका, आदल्या दिवशी करा. रस्त्यात उशीर झाला तर बोट थांबत नाही. आईंना सात तासांचा प्रवास जड वाटला तर आस्वानहून पाऊण तासाचं विमान आहे. तिकीट महाग, पण गुडघ्यांच्या हिशोबात परवडतं. आस्वानचं धरण बांधताना जलाशयात बुडू नये म्हणून डोंगरात कोरलेलं हे अख्खं देऊळ १९६४ ते १९६८ मध्ये तुकडे कापून ६५ मीटर वर उचलून बसवलं. आत शिरल्यावर सांधे शोधायला मुलाला सांगा. फेब्रुवारी आणि ऑक्टोबरच्या २२ तारखेला सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात जातात, तेव्हा तिथे जत्रा असते. तुम्ही नोव्हेंबरात आहात, सुटलात.

आस्वानमध्ये फिले (बेटावरचं देऊळ) आणि अर्धवट राहिलेला ओबेलिस्क (एकसंध दगडी स्तंभ). फिलेला तिकीट वेगळं आणि बेटापर्यंतच्या होडीचं भाडं वेगळं. होडीवाल्याशी जाणं, थांबणं आणि परत येणं मिळून एकच आकडा ठरवा, आणि संपूर्ण होडीचा ठरवा, माणशी नाही. होडीत चढता-उतरताना आईंना हात द्यावा लागेल, धक्क्याच्या पायऱ्या कधीकधी बुळबुळीत असतात.

ओबेलिस्क बरेच लोक दहा मिनिटांत उरकतात. आपल्याकडे चिरेखाण पाहिलेल्या माणसाने मात्र तासभर द्यावा. सुमारे ४२ मीटर लांब, हजार टनांहून जड असा एकसंध ग्रॅनाइट कापता कापता तडा गेला म्हणून तिथेच सोडून दिलाय. जांभा आपण हत्याराने तासतो. तिथे डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठोकून ठोकून दगड अक्षरशः झिजवला आहे, आणि त्या ठोक्यांचे उथळ वाडगे चराच्या तळाशी रांगेने दिसतात. उतार मात्र ओबडधोबड आहे, आईंना वरूनच दाखवा.

---

पाणबुडा_तारकर्ली

वाशिष्ठीकाठांचं बाकी सगळं मान्य, हुरघाड्याचं नाही. 'समुद्र दारात आहे' हे किनाऱ्यावर बसणाऱ्यासाठी खरं, पाण्यात डोकं घालणाऱ्यासाठी नाही. आपल्या खाड्या गाळ आणतात, त्यामुळे मालवणात चांगल्या दिवशीही पाणी किती नितळ मिळेल याचा भरवसा नसतो. तांबड्या समुद्राला एकही मोठी नदी मिळत नाही, पाऊस नावाला, म्हणून पाणी वीस-पंचवीस मीटरपर्यंत आरपार दिसतं आणि प्रवाळ किनाऱ्यालगतच सुरू होतं. मुलाला पोहता येत असेल तर लक्झरहून गाडीने साडेचार तास आहेत, कैरोची एक रात्र तिकडे वळवा. कोणी पाण्यात उतरणारच नसेल तर मात्र त्यांचंच बरोबर, हॉटेलांची रांग बघायला जाऊ नका.

---

आंबेवाला_देवगड

मुलगा पोहतो, पण एका रात्रीसाठी आईला नऊ तास गाडीत नको. समुद्र कापला. पैसे आणि लक्झरच्या राजांच्या दरीतल्या (राजांच्या थडग्यांच्या) पायऱ्या, एवढं कोणी सांगेल का?

---

हिशोबी_रत्नागिरी

पैशांचं आधी. मोठ्या स्थळांवर तिकीटखिडकी आता रोख घेत नाही, फक्त कार्ड. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं फॉरेक्स कार्ड न्या, रुपेवर विसंबू नका. एकच कार्ड चौघांत नेऊ नका, दोन न्या आणि दोन वेगळ्या खिशांत ठेवा. यंत्राने कार्ड नाकारलं तर तिकीट मिळत नाही आणि मागची रांग थांबत नाही. रोख लागते ती होडी, घोडागाडी, बक्षिशी आणि खाण्यासाठी. डॉलर नेलेत तर कोरे, न फाटलेले, पेनाची रेघ नसलेले न्या. तिथले पौंड एटीएममधून काढा आणि पहिल्याच दिवशी हॉटेलात मोठ्या नोटा मोडून १० आणि २० च्या करून घ्या. सुट्टे नसले की बक्षिशी पाचपट जाते.

बक्षीस हा शब्द तिथेही तोच, आणि तो फार लवकर कानावर पडतो. थडग्यातला पहारेकरी खुणेने 'इकडे या, हे बघा' म्हणतो. दोरीपलीकडे गेलात की हात पुढे येतो. जायचं नसेल तर मान हलवून चालू लागा, एवढं पुरतं. गीझाला उंटावर बसण्याचा भाव स्वस्त सांगतात, उतरवण्याचा नंतर. 'बसणं, फिरणं, उतरणं, सगळ्यांचं मिळून किती' असंच विचारा.

गाइडला पहिल्या दिवशी लेखी कळवा : पपायरस, अत्तर, अलाबास्टर यांच्या दुकानांत थांबायचं नाही. त्याला तिथे कमिशन असतं आणि तुमचा दीड तास जातो. पपायरस घ्यायचाच असेल तर उजेडासमोर धरा. खऱ्यात आडव्या-उभ्या पट्ट्यांची विण दिसते आणि तो वाकवला तर मोडत नाही. केळीच्या सोपटाचा बनावट माल चिरतो.

तिथले अंक शिकून जा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि गाइडबुकांत ते मागच्या पानावर टाकलेलं असतं. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता टिंब. इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा. वर तोंड उघडलेला कोन म्हणजे सात, खाली उघडलेला म्हणजे आठ. आपली गफलत पाचातच होते : ५० लिहिलेलं असतं आणि आपण शून्य-टिंब वाचून गोंधळतो. दुकानातले भाव, गाड्यांचे नंबर, रेल्वेचे डबे, सगळीकडे हेच अंक.

घरून निघण्याबद्दल : रात्रीची कोकणकन्या धरून त्याच दिवशी दुपारच्या विमानाचं गणित मांडू नका. एक दिवस आधी मुंबई गाठा. विमानतळासाठी ठाण्याला किंवा दादरला उतरलेलं बरं. पॅकेज घेतलंत तर एजंट टीसीएस (आधीच गोळा केला जाणारा आयकर) कापेल, त्याची नोंद तुमच्या पॅनवर होतेय ना ते बघा म्हणजे रिटर्नमध्ये वळतं करता येतं. व्हिसासाठी पासपोर्टला पुढे किमान ६ महिने हवेत. अर्ज सरकारी पोर्टलवरून किंवा मुंबईतल्या इजिप्तच्या वाणिज्य दूतावासातून करा. हुबेहूब सरकारी दिसणारी मधली संकेतस्थळं वर फी लावतात.

---

अंबाडीची_भाजी

दोन गोष्टी, त्यातली पहिली महत्त्वाची. गुडघेदुखीवर आपल्याकडे पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या सर्रास लिहून देतात. इजिप्तमध्ये ट्रामाडॉल नियंत्रित अंमली औषध आहे, विमानतळावर सापडलं तर अटकेपर्यंत जातं. आईंच्या पाकिटांमागचं बारीक अक्षर आजच वाचा आणि डॉक्टरांकडून पर्याय घ्या. बाकी औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. मुलाला ड्रोन न्यायचं असेल तर तेही घरीच राहू द्या, जप्त होतं.

जेवण. शाकाहारी माणूस इजिप्तमध्ये उपाशी राहत नाही, पण फसतो. 'मांस नाही' म्हणजे मांसाचा तुकडा नाही, एवढाच अर्थ घेतला जातो, रस्सा कोंबडीचा असतो. मुलुखिया ही हिरवी पालेभाजी, बामिया म्हणजे भेंडी, भरलेल्या भाज्यांचं महशी आणि मसुराचं सूप, या चारही ठिकाणी रश्श्याची चौकशी करा. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे 'सियामी' हा शब्द. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपास करतात आणि त्यात मांस, दूध, अंडं काही चालत नाही, त्यामुळे सियामी म्हटलं की स्वयंपाक्याला नेमकं कळतं. नाताळाआधीचा त्यांचा उपास २५ नोव्हेंबरला सुरू होतो. एक मेख आहे : काही उपासांत मासळी चालते, तेव्हा 'समक नको' हेही जोडा.

निर्धास्त खाण्यासारखं : कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट चटणी), फूल म्हणजे बिरड्याच्या घट्ट रश्श्यासारखी शिजवलेली, घेवड्यासारख्या दाण्यांच्या कडधान्याची भाजी, आणि तामिया, म्हणजे त्याच दाण्याचे आतून हिरवे वडे. सोबत कोंड्याची फुगलेली भाकरी. हे सगळं बोटीवरच्या बुफेपेक्षा रस्त्यावर चांगलं मिळतं. आईंना आंबटाची सवय असेलच, करकडे मागा : लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, रंग कोकमाचा, चव त्याच्या चुलतभावाची. बर्फ मात्र नको. पाणी सीलबंद बाटलीचंच.

हवा कोरडी आहे, हे आपल्याला कळत नाही. घाम तिथल्या तिथे उडून जातो, अंग चिकट होत नाही, म्हणून तहान लागल्याचं ध्यानात येत नाही आणि दुपारी डोकं ठणकायला लागतं. तासाला दोन घोट, तहान असो-नसो. ओठांना तूप चालेल. लक्झरला नोव्हेंबरात दुपारी तिशीच्या आसपास, पण रात्री बोटीच्या डेकवर वाऱ्याला स्वेटर लागतो.

---

वाशिष्ठीकाठ

पायऱ्यांचं राहिलं. राजांच्या दरीत साध्या तिकिटावर ३ थडगी पाहता येतात. आईंसाठी रामसेस चौथ्याचं घ्या : रुंद, उजेडाचं, उतार सौम्य. मेरेनप्ताहचं खोल आणि तीव्र उताराचं आहे, तिथे तुम्ही आणि मुलगा जा. वेगळं जादा तिकीट लागणाऱ्यांत रामसेस पाचवा-सहावा घेण्यासारखं, छताभर नट या आकाशदेवीचं चित्र आहे. तूतनखामेनचं थडगं लहान आणि भिंती बऱ्याचशा रिकाम्या. त्याची ममी मात्र तिथेच आहे, खजिना कैरोला. दरवाजा पहाटे उघडतो, तेव्हाच जा. नऊनंतर बसगाड्या येतात आणि श्वासांनी आतली हवा कोंदट होते. दाराशी विजेवर चालणारी गाडी मिळते, आईंचं अर्धा किलोमीटर वाचेल.

गीझाला मोठ्या पिरॅमिडच्या आत जाण्याचं वेगळं तिकीट कोणीच आईंसाठी काढू नका. वाकून चढायची अरुंद वाट आहे, आत उकाडा, आणि वर ग्रॅनाइटची रिकामी पेटी. त्यांना बाहेर आवारातल्या बसने फिरवा.

तूतनखामेनचा खजिना आता गीझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलं. वेळेचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढा, ऐनवेळी खिडकीवर मिळेल असं धरू नका. राजांच्या ममी तिथे नाहीत. त्या २०२१ पासून फुस्तातच्या सभ्यता संग्रहालयात आहेत, आणि दोन्ही एका दिवसात करू नका, शहराची दोन टोकं आहेत.

मुलाला खुफूची (मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या राजाची) बोट नक्की दाखवा, तीही आता ग्रँड इजिप्शियन म्युझियमच्याच आवारात आहे. लेबनॉनच्या देवदाराची, ४३ मीटर लांब, १९५४ साली पिरॅमिडच्या पायथ्याशी खड्ड्यात सुटे तुकडे करून ठेवलेली सापडली. तुकडे १,२२४. फळ्या खिळ्यांनी नाही, भोकांतून दोर ओवून शिवलेल्या आहेत, आणि ओल्या झाल्या की लाकूड फुगून दोर आवळतो, असा तो हिशोब. देवगडच्या कुठल्या होडीवाल्या सुताराला सोबत नेता आलं तर तो बाकीचं संग्रहालय बघायलाच जाणार नाही. फोटो काढताना फळीच्या आतल्या बाजूची भोकं नीट टिपा, ती बाहेरून दिसत नाहीत कारण दोर बाहेर येतच नाही.

प्लगचं एक : आपल्या दोन गोल पिना तिथे बसतात, तीन पिनांचा चार्जर बसत नाही.

---

आंबेवाला_देवगड

गोळ्यांचं पाकीट पाहिलं, ट्रामाडॉल आहेच. उद्या डॉक्टरांकडे. एजंटला आस्वान २, बोट ३, लक्झर २, कैरो ३ असं कळवलंय, बोटीचा वार आला की मग विमानं.