आफ्रिकी साहित्याचे वाचन अचेबेंपासूनच सुरू करावे का?

ओसरी (मूळ धागा)
आफ्रिकी साहित्यातले काय वाचावे, असे कोणी विचारले की चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चे (१९५८) नाव हमखास पुढे येते आणि बहुतेकांचे वाचन तिथेच थांबते. कादंबरी थोर आहे, यात वाद नाही; पण सुरुवात त्सित्सी डांगारेम्बगा यांच्या ‘नर्व्हस कंडिशन्स’पासून (१९८८) करावी, असे माझे मत आहे. ऱ्होडेशियातल्या (आजचा झिम्बाब्वे) खेड्यातली ताम्बू शाळेच्या फीसाठी स्वतः मका पिकवते, तिचाच भाऊ ती कणसे चोरून इतर मुलांना वाटतो, आणि पुढे तो वारला तेव्हा आपल्याला वाईट वाटले नाही, असे ती कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी होते. अचेबेंचा नायक ओकोंक्वो याच्या बायका मात्र त्याच्या रागाच्या धनी होण्यापलीकडे फारशा उरत नाहीत.

कोरीव
शेवटचे वाक्य मला मुळीच मान्य नाही. दहापैकी नऊ मुले दगावलेली त्याची बायको एक्वेफी आपल्या नजरेतून सुटली काय? तिच्या उरलेल्या एकुलत्या मुलीला अग्बाला या दैवताची पुजारीण रात्री पाठुंगळीला घेऊन निघते, तेव्हा ही आई तिची ताकीद धुडकावून काळोखात मागोमाग चालत राहते; आणि गुहेपाशी कोयता घेऊन येतो तो हाच बायकांना मारणारा ओकोंक्वो. शिवाय नायजेरियातल्या इग्बो समाजाचे न्यायनिवाडे, सण आणि क्रौर्य या कादंबरीत मिशनरी येण्याआधीच सविस्तर येऊन गेलेले असते. काय मोडले, हे ठाऊक नसलेल्या वाचकाला ताम्बूची मिशन शाळेची ओढ अर्धीच कळेल.

सांजवेळ
आपण दोघेही इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांवरून भांडत आहात, हे मला खटकते. थॉमस मोफोलो यांची ‘चाका’ सेसोथो भाषेत १९२५ सालीच प्रसिद्ध झाली होती. न्गुगी वा थियोंगो यांना केनियातल्या गिकुयू भाषेतल्या नाटकापायी १९७७ च्या अखेरीस अटक झाली आणि खटल्याविना कोठडीत असताना त्यांनी पुढची कादंबरी त्याच भाषेत, शौचालयाच्या कागदावर लिहिली. अशी पुस्तके अनुवादातून का होईना, आधी वाचावीत.

ओसरी
एक्वेफीची ती रात्र मलाही फार आवडते. परंतु ती रात्र सरली की निर्णय पुन्हा पुरुषांच्या बैठकीतच होतात, आणि ताम्बू मात्र ‘मी’ म्हणून अखेरपर्यंत बोलते. भाषेचा निकष लावायचा, तर मारिआमा बा यांची ‘सो लाँग अ लेटर’ (१९७९) ही मूळ फ्रेंच कादंबरीही मागे ढकलावी लागेल. मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरे लग्न केलेल्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर, सुतकात घरी बसलेली रामातुलाय मैत्रिणीला जे लिहिते, ते केवळ मूळ भाषा फ्रेंच म्हणून नंतर वाचावे, हे मला पटत नाही.

कोरीव
बा यांच्याबाबत सहमत. क्रमाविषयी मात्र मी अचेबेंवरच ठाम आहे.