पाण्याखाली आर्क पाडून केलेलं सोन्याचं कलिल निळं पडतं, काय चुकतंय?

प्रश्न
सोन्याच्या १ मिमी जाडीच्या दोन तारा १०० मिली डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात बुडवून, टोकं टेकवून किंचित मागे घेत डीसी आर्क (विजेची सलग ठिणगी) पाडतेय, म्हणजे सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहून कलिल होईल. आर्क टिकेना म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. टोकाशी लालसर धुरासारखी रेघ उठते, फार सुंदर दिसते. पण पाच मिनिटांत सगळं जांभळं, मग निळसर, आणि सकाळी तळाशी काळी भुकटी, वर नितळ पाणी. तीनदा हेच झालं. तारेत दोष आहे की करंट जास्त होतोय?

प्रतिसाद १
तार आणि करंट दोन्ही ठीक आहेत. मीठ टाकू नका.

आर्कमध्ये सोन्याची वाफ होते आणि गार पाण्यात तिचे नॅनोकण गोठतात. या कणांवर ऋण प्रभार असतो, त्या बळावरच ते एकमेकांपासून दूर राहतात. तुमच्या पाण्यात सायट्रेटसारखं दुसरं काही सांभाळणारं नाही. चिमूट म्हणजे ०.३ ग्रॅम धरलं तर १०० मिलीत साधारण ५० मिलिमोलर मीठ झालं. तेवढ्यात प्रभाराचा दबदबा कणापासून जेमतेम १.४ नॅनोमीटरपर्यंत पोचतो. १ मिलिमोलरला तो जवळजवळ १० नॅनोमीटर असतो. मग कण चिकटतात. सुटा कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो म्हणून लाल दिसतो. गुठळी झाली की शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं, आणि निळं दिसतं. फॅरडेनेही १८५७ मध्ये लाल सोन्यात मीठ घालून हेच पाहिलं होतं.

शिवाय क्लोराइडमध्ये धन टोकाचं सोनं विरघळायला लागतं, म्हणजे निम्मं काम आर्कऐवजी इलेक्ट्रोलिसिसच करतं.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ ब्रेडिगने १८९८ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा पाण्यात अगदी थोडा अल्कली घातला होता. मी १ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड घेतो, १०० मिलीला ४ मिलिग्रॅम. आणि बीकर बर्फात ठेवतो.

एक मात्र मनापासून सांगतो: माझे दोन आठवडे निव्वळ बीकरमुळे वाया गेले. धुऊन झाल्यावर शेवटी नळाचं पाणी फिरवायचो, त्यातले कॅल्शियमचे क्षार काचेला राहायचे. कॅल्शियमवर दोन धन प्रभार, त्यामुळे तो सोडियमपेक्षा कितीतरी कमी प्रमाणातही कण गोळा करतो. शेवटचं धुणं डीआयोनाइज्ड पाण्यानेच, तेही तीनदा.

प्रतिसाद २
वरच्या उत्तरात भर. आर्कमध्ये वाफेबरोबर वितळलेल्या धातूचे थेंबही उडतात, त्यामुळे मीठ काढलं तरी थोडी भुकटी खाली बसणारच. एक रात्र स्थिर ठेवा, वरचं हलक्या हाताने काढून घ्या. पाणी फुटून हायड्रोजन निघतो, बीकर झाकू नका. पुरवठा बंद केल्याशिवाय तारेला हात लावू नका, हे कितीही सरावलात तरी.

प्रश्नकर्तीकडून
मीठ बंद, हायड्रॉक्साइड ४ मिलिग्रॅम, बर्फ, आणि बीकर तीनदा धुतला. टोकं आणखी जवळ आणल्यावर आर्क मिठाशिवायही टिकला. आज तिसरा दिवस, रंग अजून लाल आहे. प्रकाश शोषणाचं शिखर ५२६ नॅनोमीटरवर मिळालं. तळाशी थोडी भुकटी आहेच, पण आता ती कशाची हे कळतंय. लेझरची रेघ बाटलीतून आरपार लखलखीत दिसते, सकाळपासून चारदा पाहून झाली. दोघांचेही खूप आभार.